गोळी आतड्यासाठी, मग मोजायचं कुठे?

दंडात टोचलेली लस चालली की नाही हे साधारणपणे रक्त काढून ठरवता येतं. नोरोव्हायरसच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. हा विषाणू तोंडावाटे येतो, लहान आतड्याच्या अस्तरात वाढतो, दोन-तीन दिवस उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवं पाडतो आणि शौचावाटे पुढच्या माणसाकडे निघतो. त्याची सगळी ये-जा आतड्यातून. त्यामुळे गोळीच्या रूपातल्या लसीची चाचणी वाचताना आधी एक गोष्ट पाहावी: आतड्यात काय घडलं हे त्यांनी कशाने मोजलं?

ही गोळी अमेरिकेतल्या साउथ सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हॅक्सार्ट कंपनीची. तिच्यात नोरोव्हायरस नाही. आहे तो अ‍ॅडिनोव्हायरस ५, म्हणजे सर्दी-पडशाच्या विषाणूंपैकी एक, तोही शरीरात वाढू शकणार नाही असा बदललेला. त्याच्यावर दोन गोष्टी लादलेल्या असतात. पहिली म्हणजे नोरोव्हायरसच्या कवचातल्या व्हीपी१ प्रथिनाचं जनुक. या प्रथिनाच्या १८० प्रती जुळून विषाणूचं कवच बनतं. दुसरी म्हणजे दुपदरी आरएनए तयार करणारा तुकडा. आतड्यातल्या पेशींना असा आरएनए दिसला की त्या विषाणू शिरल्यासारख्या सावध होतात, म्हणजे लसीला लागणारी चिथावणी गोळीतच असते. व्हीपी१ घेतलं आहे ते जीआय.१ या प्रकाराचं. १९६८ साली ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली होती आणि १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जो विषाणू दाखवला, तोच हा.

आपल्याला तोंडी लस म्हटलं की पोलिओचे दोन थेंब आठवतात, किंवा पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली रोटाव्हायरसची लस. त्या दोन्हींत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो आतड्यात स्वतः वाढतो. इथला वाहक, म्हणजे अ‍ॅडिनोव्हायरस ५, वाढत नाही. जेवढे कण पोटात गेले तेवढ्यांवरच सगळी मदार. म्हणून मात्रा प्रचंड लागते आणि गोळीवरचं आवरण निर्णायक ठरतं. ते जठराच्या आम्लात टिकायला हवं आणि पुढे, आम्लता कमी झालेल्या लहान आतड्यात, विरघळायला हवं. ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीला अ‍ॅडिनोव्हायरस ४ आणि ७ च्या लसी १९७१ पासून अशाच आवरणाच्या गोळ्यांतून दिल्या गेल्या, मध्ये उत्पादन थांबलं आणि २०११ मध्ये त्यांना पुन्हा मंजुरी मिळाली.

बिघडायच्या जागाही या आवरणापाशीच आहेत. गोळी चावली, तोडली किंवा पाण्यात विरघळवली की आवरण गेलं, आणि आतला माल आम्लात नासतो. म्हणून ती कर्मचाऱ्यासमोर, अख्खी, पाण्याबरोबर गिळायची. पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड. त्यांच्या जठरात आम्ल कमी असल्याने आवरण तिथेच सुटू शकतं. भरल्या पोटी गोळी जठरात किती वेळ रेंगाळेल याचा भरवसा नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर मात्रा पोचली की नाही हे नंतर कोणी सांगू शकत नाही. ही कारणं नोंदवहीत आली नाहीत, तर पुढे ‘प्रतिसाद नाही’ या रकान्यात खरंच प्रतिसाद न दिलेले आणि ज्यांना लस पोचलीच नाही असे लोक एकत्र मिसळतात.

पहिल्या टप्प्यात १८ ते ४९ वयाचे ६६ निरोगी स्वयंसेवक होते. २३ जणांना कमी मात्रा, म्हणजे १,००० कोटी संसर्गक्षम एककं. २३ जणांना १०,००० कोटी. आणि २० जणांना प्लासिबो, म्हणजे लस नसलेली दिखाऊ गोळी. घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाही कोणाला काय मिळालं ते ठाऊक नव्हतं. मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता, आणि मात्रा वाढवणं थांबवावं लागेल असा कोणताही त्रास दिसला नाही.

प्रतिकारशक्तीचं मोजमाप हा या चाचणीचा खरा गाभा. नोरोव्हायरस पेशीला चिकटतो तो तिच्यावरच्या रक्तगटाच्या शर्करांना धरून. त्याचा उपयोग करून प्रयोगशाळेत एक चाचणी होते. प्लेटवर त्या शर्करा लावायच्या, त्यावर विषाणूची नुसती कवचं सोडायची, आणि स्वयंसेवकाचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव, दुपटीदुपटीने पातळ करत पाहायचं की कितव्या पायरीवर चिकटणं निम्म्यावर येतं. त्या आकड्याला बीटी५० म्हणतात. मोठ्या मात्रेच्या गटात ७८% लोकांत तो निदान दुप्पट झाला. नुसती अँटिबॉडी आहे की नाही यापेक्षा ती विषाणूला रोखते का, हे यात कळतं. तरी एक गोम राहते. प्रौढांपैकी जवळजवळ सगळ्यांना नोरोव्हायरस कधी ना कधी होऊन गेलेला असतो. ज्याचा आकडा आधीच वर आहे त्याच्यात दुप्पट वाढ सहज होत नाही, म्हणून सुरुवातीचा आकडा न पाहता टक्केवारी वाचू नये.

त्याहून बोलका नमुना सातव्या दिवशीचा. लस घेतल्यावर आठवडाभराने आयजीए, म्हणजे आतड्यासारख्या ओलसर अस्तरांवर पहारा देणारी अँटिबॉडी, बनवणाऱ्या पेशी रक्तातून प्रवास करत असतात, आणि ज्या आतड्याकडे निघाल्या आहेत त्यांच्यावर अल्फा४बीटा७ ही खूण असते. म्हणजे दंडातून काढलेल्या रक्तातच आतड्याच्या वाटेवरचे प्रवासी मोजता येतात. पण ती खिडकी थोड्याच दिवसांची असते. स्वयंसेवक सातव्याऐवजी बाराव्या दिवशी आला तर पेशी निघून गेलेल्या असतात. नमुना गोठवून ठेवणंही महागात पडतं, कारण या पेशी गोठवणं नीट सोसत नाहीत. त्याच दिवशी पेशी वेगळ्या करून प्लेटवर घालणारी प्रयोगशाळा जवळ हवी. विष्ठेतलं आयजीए मोजताना वेगळी काळजी: नमुना पातळ की घट्ट यावर आकडा हेलकावतो, म्हणून तो एकूण आयजीएच्या प्रमाणातच मांडायचा.

यानंतरची पायरी म्हणजे लस दिलेल्या माणसाला मुद्दाम विषाणू पाजणं. निवडीत सर्वांत जास्त घोळ इथेच होऊ शकतो. एफयूटी२ हे जनुक काम करत नसलेल्या माणसांच्या आतड्यावर आवश्यक त्या शर्करा नसतात. युरोपीय वंशाच्या लोकांत असे सुमारे २०% असतात, आणि जीआय.१ पाजला तरी त्यांना तो होत नाही. असे लोक आत आले तर ‘लसीने वाचले’ आणि ‘मुळात होणारच नव्हतं’ यातला फरक पुसट होतो. त्यामुळे आधी लाळ तपासून असे लोक ओळखतात. रक्तगटही पाहावा लागतो, कारण बी गटाच्या लोकांना जीआय.१ कमी बाधतो असं आधीच्या अभ्यासांत दिसलं आहे. बी गट आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा बराच जास्त आढळतो. हीच चाचणी उद्या पुण्यात किंवा मुंबईत करायची झाली, तर निवडीचे निकष जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत.

घरी तान्हं मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल, किंवा स्वयंसेवक खानावळीत स्वयंपाक करत असेल, तर त्याला विषाणू पाजणं मला मान्य होणार नाही. त्रास दोन-तीन दिवसांत थांबला तरी शौचातून विषाणू कित्येक आठवडे जात राहतो. विषाणू पाजलेल्यांना ज्या वॉर्डमध्ये ठेवतात तिथे अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर विसंबू नये, नोरोव्हायरसवर तो दुबळा पडतो. साबण-पाण्याने हात घासून धुवायचे आणि फरशी, नळ, शौचालय ब्लीचच्या द्रावणाने पुसायचं.

या टप्प्यात लस दिल्यावर सुमारे चार आठवड्यांनी १४१ जणांना जीआय.१ पाजला गेला: ७६ लसवाले, ६५ प्लासिबोवाले. संसर्ग झाला लसवाल्यांपैकी सुमारे ५८% आणि प्लासिबोवाल्यांपैकी सुमारे ८२% लोकांना. प्रत्यक्ष उलट्या-जुलाबांचा आजार अनुक्रमे सुमारे ४५% आणि ५७% लोकांना. म्हणजे संसर्गात तीस टक्क्यांच्या आसपास सापेक्ष घट, आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी. आजारातली घट २१%, पण ती त्या कसोटीवर टिकली नाही.

हा निकाल पाहून गोळी फसली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाजलेली मात्रा अशी निवडतात की प्लासिबोवाल्यांपैकी बहुतेकांना संसर्ग व्हावा, नाहीतर तुलनाच होत नाही. घरातल्या नळाच्या मुठीवरून जाणारे विषाणू त्या मानाने कितीतरी कमी. शिवाय लसवाल्यांच्या शौचातून बाहेर पडलेला विषाणू ८५% कमी भरला. साथ पसरते ती त्या विषाणूतून, म्हणून माझ्या लेखी या चाचणीतला सर्वांत मोलाचा आकडा हा. संरक्षणाशी सगळ्यात जवळचं नातं दिसलं तेही विषाणूला रोखणाऱ्या अँटिबॉडीचं आणि विष्ठेतल्या आयजीएचं.

मात्र वॉर्डात स्वयंसेवक बंदिस्त असतो, त्याच्यापासून पुढे कोणाला लागण होते का हे तिथे तपासताच येत नाही. आणि जगभरातल्या बहुतेक साथी जीआय.१ च्या नव्हेत, जीआयआय.४ सारख्या दुसऱ्या घराण्यातल्या विषाणूंच्या असतात. गोळीत दोन्ही घराणी घालून ती कुटुंबांत, वसतिगृहांत, वृद्धाश्रमांत द्यावी लागेल, आणि नमुने घेताना गोळी घेतलेल्याच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं शौचही तपासावं लागेल.