झोपेच्या गोळीचं नाव मी का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. थेरपी सेंटरच्या बाकावर विचारतात, शाळेच्या फाटकाशी विचारतात, एकदा तर विक्रोळी स्टेशनच्या पुलावर भर गर्दीत एका आईने दंडाला धरून थांबवलं. "तुम्ही तुमच्या मुलाला ती झोपेची गोळी देता ना? कोणती हो? किती देता? आमचीपण झोपतच नाही."

हो, देतो. मेलाटोनिन. डॉक्टरांनी लिहून दिलंय. पण कंपनीचं नाव आणि किती मिलिग्रॅम, हे मी सांगत नाही, आणि त्यावरून एकदोघी माझ्यावर फुगल्याही आहेत. यात शिष्टपणा नाही. नाव कळलं की केमिस्टकडे जाऊन मागणं दोन मिनिटांचं काम, आणि या सगळ्या प्रकरणात नावाला सगळ्यात कमी किंमत आहे. बाकीचं हवं तेवढं सांगते.

आमचा लेक चौथीत आहे. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. नीट बोलायला लागायच्या आधी त्याला लोकलमधल्या घोषणा पाठ झाल्या. कन्नमवार नगरात आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. दिवा मालवला की अंथरुणातून सुरू व्हायचं, "पुढील स्टेशन, कांजूरमार्ग. अगला स्टेशन, कांजूरमार्ग." तिन्ही भाषांत, त्या बाईच्या अगदी तशाच सुरात. मग भांडुप, नाहूर, मुलुंड. ठाणं आलं की वाटायचं, आता तरी उतरेल. तर गाडी पुन्हा सीएसएमटीवरून सुटायची. रात्री एक-दीडला भिंतीपलीकडून काकूंचा खोकला ऐकू यायचा, म्हणजे आमच्यापायी त्यांच्याही झोपेचं खोबरं. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो, हे मला नंतर कळलं. तोवर घरोघरचे सल्ले ऐकून झाले होते. दृष्टही काढून झाली होती.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते गोळी मागायलाच. त्यांनी आधी टॉर्च घेऊन त्याचा घसा पाहिला. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? झोपेत पाय झाडतो का? पोट साफ होतं का? झटके कधी आलेत? रात्री झोपेत त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा म्हणाले, आणि एक वही करा: दिवा कधी मालवला, झोप कधी लागली, उठला कधी, दुपारी डुलकी घेतली का. मला तेव्हा वाटलं, हे चालढकल करताहेत. पण टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढून मुलाचा श्वास झोपेत अडकत असेल, तर मेलाटोनिन देऊन काय होणार? दुखणं आत तसंच राहणार.

आमच्याकडे घसा ठीक निघाला, पण पाय झाडण्यावरून त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, त्यात फेरिटिन. शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. तो कमी निघाला. लोह कमी असलं की रात्री पायांत अस्वस्थ चाळवाचाळव होते, मूल कूस बदलत राहतं, आणि ज्याला ते शब्दांत सांगता येत नाही ते नुसतं उठून बसतं. आपल्याकडे हे मुळीच विरळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 67.1 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि त्याचं एक मोठं कारण लोहाची कमतरताच. मग काही महिने लोहाचं काळपट औषध. दातांवर डाग पडू नयेत म्हणून स्ट्रॉने, वर लिंबू सरबत, आणि दुधाबरोबर अजिबात नाही. पाय शांत झाले. गाडी मात्र अजून ठाण्यापर्यंत जातच होती. तेव्हा कुठे मेलाटोनिनचा विषय निघाला.

ही नेहमीच्या अर्थाने झोपेची गोळी नाही. आपल्या मेंदूतली पिनिअल ग्रंथी अंधार पडला की हे संप्रेरक सोडायला लागते, आणि साधारण झोपेच्या दोनेक तास आधीपासून ते रक्तात वाढत जातं. 1958 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या आरन लर्नर यांनी गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. गंमत म्हणजे लर्नर त्वचारोगतज्ज्ञ. ते कातडीच्या रंगाच्या मागे होते, झोपेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर मेलाटोनिन म्हणजे फलाटावरची घोषणा. रात्र येते आहे, एवढंच ते शरीराला कळवतं. गाडीत चढवून कोणी देत नाही.

म्हणून मात्रेपेक्षा वेळ मोठी. झोपायच्या अर्धा ते एक तास आधी, रोज त्याच वेळेला. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना अर्ध्या किंवा एक मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगते, आणि म्हणते की बहुतेक मुलांना 3 ते 6 मिलिग्रॅमच्या वर लागतच नाही. दुकानात गोळ्या मिळतात 3, 5, 10 च्या. "एकाने झोपला नाही, दोन दिल्या" असं मला एका बाबांनी सहज सांगितलं तेव्हा काय बोलावं ते सुचेना. घोषणा दुप्पट आवाजात केली म्हणून गाडी लवकर येते का? आणि एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. साधी गोळी झोप लागायला मदत करते, पण ती शरीरातून काही तासांत निघून जाते, त्यामुळे पहाटे तीनला उठून बसणाऱ्या मुलाला तिचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी हळूहळू विरघळणारी गोळी असते. युरोपात 2018 मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांसाठी तशी एक मंजूर झाली आहे. कुठली कोणाला, हे डॉक्टरांनी ती वही पाहून ठरवायचं. आमच्या वहीवरून ठरलेली गोळी तुमच्या मुलाला काय लागू पडणार?

आता खरी अडचण. गोळी सांगते रात्र झाली, आणि घर म्हणतं कुठे झाली?

मुंबईच्या घरात रात्र होते कधी? नवरा पावणेदहाला घरी पोचतो. त्यानंतर पानं वाढायची. डोक्यावर पांढरीफटक ट्यूबलाइट, आईंची, म्हणजे सासूबाईंची, मालिका ऐन रंगात, आणि एकच खोली. बाबा आले की लेक उड्या मारायला लागतो, कारण दिवसभरात बाप दिसतो तेवढाच. मुलांचे डोळे उजेडाला आपल्यापेक्षा फार हळवे असतात. अमेरिकेत कोलोरॅडोला 2018 च्या एका छोट्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपायच्या आधी तासभर लख्ख उजेडात खेळवलं. त्यांचं मेलाटोनिन सरासरी 88 टक्क्यांनी खाली आलं, आणि दिवे कमी केल्यावर पन्नास मिनिटांनीही बहुतेकांचं वर आलेलं नव्हतं. हे वाचलं आणि मी आमच्या ट्यूबलाइटकडे पाहतच राहिले. एका हाताने गोळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने दिवा लावून ती पुसून टाकायची!

मग घरात वाटाघाटी झाल्या. साडेआठला लेकाचं जेवण. नऊला ट्यूब बंद, कोपऱ्यात पिवळा लहान दिवा. नवरा आता स्वयंपाकघरात दार लोटून जेवतो, आणि मुलाबरोबरचा वेळ त्याने सकाळी घेतलाय: दोघं मिळून दूध आणायला जातात, येताना पुलावरून गाड्या बघतात. सकाळचं ऊनही घड्याळ लावायच्या कामी येतं, त्यामुळे ही सोय डॉक्टरांना गोळीइतकीच आवडली. आईंनी पंधरवडाभर अबोला धरला. मग नातीने त्यांना इयरफोन लावून मोबाइलवर मालिका बघायला शिकवलं. आता त्या मालिका बघत मोठ्याने हसतात, आणि आपण हसतोय हे त्यांना कळत नाही. चालायचंच.

गणपती आणि नवरात्रात आमचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद असा नियम आहे, पण वर्षातल्या काही ठरावीक दिवसांना बारापर्यंत मुभा असते, आणि दहीहंडीच्या सरावापासून आमच्या चौकात ढोल सुरू होतात ते होतातच. त्या दिवसांत मात्रा वाढवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. उशीर झाला तर झाला.

"पण ते नैसर्गिकच असतं ना?" हा पुढचा प्रश्न. आईही सुरुवातीला म्हणाल्या, कशाला ती गोळी, जायफळ उगाळून दुधात दे. चिमूटभर जायफळाला माझी ना नाही. पण तेही जास्त झालं तर विषारीच, आणि "नैसर्गिक" म्हणून हात सैल सुटतो तो असाच. त्याहून मला धास्ती वाटते सर्दीच्या सिरपची. प्रवासात, लग्नकार्यात मूल झोपावं म्हणून ते देणारे खूप आहेत. त्यातल्या प्रोमेथाझिन या गुंगी आणणाऱ्या औषधावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण त्याने श्वास मंदावून दोन वर्षांखालच्या बाळांचे मृत्यू झाले होते.

आणि न्यू जर्सीहून येणाऱ्या मावशा! बॅगेत चॉकलेटं, बदाम, आणि अस्वलाच्या आकाराच्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्यांची बरणी. "तिकडे सगळेच देतात गं." देतात, कारण तिकडे 1994 च्या कायद्यामुळे ते औषधात धरतच नाहीत, पूरक आहारात धरतात. ब्रिटनमध्ये तेच डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. 2023 मध्ये अमेरिकेत अशा गोड गोळ्यांचे 25 प्रकार तपासले, तर 22 मध्ये लेबलवरचा आकडा खोटा निघाला. एकात लिहिल्याच्या साडेतीनपट होतं. एकात मेलाटोनिनच नव्हतं. शिवाय गोड आणि अस्वलाच्या आकाराची वस्तू मूल एकच कशाला खाईल? मुलांनी चुकून मेलाटोनिन खाल्ल्याच्या तिथल्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी 2012 मध्ये आठ हजारांच्या आसपास होत्या, 2021 मध्ये बावन्न हजारांच्या वर गेल्या. बहुतेक मुलांना काही झालं नाही, पण त्या दहा वर्षांत काही दवाखान्यात दाखल झाली आणि दोघं दगावली. आमची गोळी लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या खणात असते.

ज्यांच्या मुलांना ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) यांतलं काही नाही, "फक्त उशिरा झोपतो", त्यांना माझं स्पष्ट मत सांगते. गोळीच्या आधी घराचं घड्याळ बघा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. साडेअकराला झोपून सहाला उठणाऱ्याचा हिशोब तुम्हीच करा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला, तेव्हा बसच्या फेऱ्यांवरून आणि वर्गखोल्यांवरून केवढी ओरड झाली. तुमच्या शाळेत तो पाळला जात नसेल तर त्या शाळेशी भांडायला मी तुमच्याबरोबर येईन. गोळीचं नाव तेव्हाही सांगणार नाही.

सवय लागते का, हेही विचारता. ज्याला आपण व्यसन म्हणतो तशी लागत नाही. सकाळी झापड, डोकेदुखी, क्वचित अंथरूण ओलं होणं, हे होऊ शकतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सकाळची झापड होती, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा कमी केली. वयात येण्यावर परिणाम होईल का, ही माझीही धाकधूक होती. हळू विरघळणाऱ्या गोळीवरच्या मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा करून 2021 मध्ये छापलेल्या अभ्यासात वाढीवर किंवा वयात येण्यावर वाईट परिणाम दिसला नाही. त्याहून लांब पल्ल्याचे अभ्यास थोडे आहेत, म्हणून आमचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी उंची-वजन मोजतात आणि दर मे महिन्यात गोळी थांबवून बघतात.

यंदाच्या मे महिन्यात ती थांबवली तर तो पहिले काही दिवस मुलुंडपर्यंत गेला, मग भांडुपलाच पेंगायला लागला. जूनमध्ये शाळा सुरू झाली, वर्ग बदलला, बाई बदलल्या आणि गाडी परत ठाण्याला. गोळी पुन्हा सुरू केली आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. वही चालू आहे.