शेजाऱ्यांच्या मतांवर परत मिळालेली बेटं

२२ मे २०२५ ला मी मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईजवळ, पॉइंट ओ साब्लला एका आजींच्या घरी होतो. त्यांचा जन्म हिंदी महासागरातल्या चागोस बेटांमधल्या पेरोस बान्योसवरचा. गॅसवर नारळाच्या दुधात मासे रटरटत होते आणि टीव्हीवर सगळ्यांचे डोळे. पहाटे लंडनच्या कोर्टाने सही रोखली, दुपारी स्थगिती उठवली आणि ब्रिटन-मॉरिशस करारावर अखेर सह्या झाल्या. चागोसवर मॉरिशसचं सार्वभौमत्व, आणि त्यातल्याच दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात.

आपल्याकडच्या बातम्यांत हे लंडन आणि पोर्ट लुईमधलं प्रकरण वाटतं. इथे राहून मला दिसलं ते वेगळं: एवढासा देश मोठ्या देशाला नमवू शकला तो शेजाऱ्यांच्या दारी वर्षानुवर्षं जाऊन.

१९६५ मध्ये, मॉरिशस स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने चागोस तोडून घेतलं आणि ३० लाख पौंड हातावर ठेवले. पुढे १९६८ ते १९७३ मध्ये तिथली माणसं बोटीत घालून इथे आणि सेशेल्सला सोडली. तेव्हा सेशेल्सचीही तीन बेटं काढून घेतली होती, पण ती १९७६ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्यासोबत परत मिळाली. मॉरिशसची मात्र मिळाली नाहीत.

मग आफ्रिका पाठीशी उभी राहिली. जून २०१७ मध्ये आफ्रिकी देशांच्या गटाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला आणि ९४ विरुद्ध १५ मतांनी तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेला. आफ्रिकी संघाने तिथे स्वतः बाजू मांडली. भारतानेही मांडली, आणि इथले लोक ते मला अजून सांगतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने मत दिलं की ब्रिटनने आपला कारभार लवकरात लवकर संपवावा. मे महिन्यात आमसभेत पुन्हा मतदान झालं: ११६ बाजूने, फक्त ६ विरोधात.

त्या सहांत मालदीव होता, म्हणजे चागोसचा सगळ्यात जवळचा शेजारी! कारण समुद्राचं होतं. चागोस मॉरिशसचं ठरलं तर दोघांची सागरी हद्द ठरवावी लागणार, आणि मालदीवला आपल्या मासेमारीच्या पाण्याची काळजी. म्हणून ते प्रकरण हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणापुढे गेलं. २०२२ मध्ये मालदीवचे राष्ट्राध्यक्ष सोलिह यांनी मॉरिशसच्या पंतप्रधानांना पत्र लिहून मालदीव आता चागोसवरचा मॉरिशसचा हक्क मान्य करेल असं कळवलं. घरी त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण एप्रिल २०२३ च्या निकालात वादातलं पाणी जवळपास निम्मंनिम्मं वाटलं गेलं. मला वाटतं, या साऱ्या खटाटोपातलं सगळ्यात अवघड काम हेच होतं. लांबचा देश मत देतो, त्याचं काही जात नाही. ज्याच्या जाळ्यात त्याच पाण्यातले मासे येतात, त्याला राजी करायचं म्हणजे आधी त्याची भीती समजून घ्यायला हवी.

एक गोष्ट मात्र खुपते. ११६ देशांचं मत मोजलं गेलं, पण ज्यांना बेटावरून हाकललं त्यांना वाटाघाटींत खुर्ची मिळाली नाही. सही रोखायला कोर्टात गेलेल्या दोन बायकाही दिएगो गार्सियावरच जन्मलेल्या. आजींना करार पटलाय, त्या दोघींना नाही, आणि दोन्हींचं दुःख मला खरं वाटतं. करारानुसार दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर मॉरिशस लोक वसवू शकेल. इतक्या वर्षांनंतर कोण जाणार, हे हाकललेल्या लोकांना आधी विचारायला हवं होतं.

सही झाल्यावर आजींनी गॅस बंद केला आणि माझा फोन मागितला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसची बोट पेरोस बान्योसला गेली होती, तिथल्या मोडक्या चर्चचा फोटो त्यांना पाहायचा होता. मी तो मोठा करून दिला. चर्चच्या मागे त्यांच्या आईची कबर आहे. ती कुठल्या बाजूला, हे त्या बोटाने दाखवत राहिल्या. फोटोत तिथे फक्त झाडी दिसत होती.