दिएगो की इटली? नेपल्समधली एक मंगळवारची रात्र

नेपल्सच्या क्वार्तिएरी स्पान्योली भागात शिरलं की आधी आभाळ आक्रसतं. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून मिठाची वाटी सहज देता-घेता यावी. वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि त्यांच्या मधूनमधून निळ्या-पांढऱ्या पताका. मी गेलो होतो २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. ४ मे रोजी उदिनेत १-१ अशी बरोबरी करून इथल्या नापोली क्लबनं ३३ वर्षांनी इटलीची लीग जिंकली होती. पाच महिने उलटले तरी त्या पताका कुणी उतरवल्या नव्हत्या. उन्हानं विटल्या होत्या, कडा फाटल्या होत्या, तरी तशाच होत्या.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे वर्ल्डकप आला की पेठांपेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ सामना लागला की जी ईर्ष्या पेटते, ती काही वेगळीच. पेठ मोठी की देश, हा वाद मी लहानपणापासून कट्ट्यावर ऐकत आलोय. म्हणून नेपल्सला यायचंच होतं. हा प्रश्न या शहराएवढा दुसऱ्या कुठल्या शहराला सोसावा लागला असेल, असं मला वाटत नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. रात्री वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध इटली, युरो २०२४ ची पात्रता फेरी. मी ज्या घरात खोली घेतली होती, तिथला मुलगा इंजिनिअरिंगला होता, इंग्रजी बरं बोलायचा. तो मला खालच्या बारमध्ये घेऊन गेला. काउंटरवर आधी पाण्याचा छोटा ग्लास आला, मग कॉफी. मी कॉफीकडे हात नेला तसा बारवाल्यानं ग्लासाकडे बोट दाखवलं. आधी पाणी प्यायचं, तोंड स्वच्छ करायचं, मग कॉफी. कॉफी म्हणजे दोन घोट, पण चिनी मातीचा कप असा तापलेला की ओठाला चटका बसला.

सामना सुरू झाला आणि वादही. कारण इटलीच्या बाकापाशी कोच म्हणून लुचानो स्पालेत्ती उभे होते. नापोलीला लीग जिंकून देणारे तेच. जिंकल्यावर थकलोय, विश्रांती हवी म्हणून क्लब सोडला आणि उन्हाळा संपायच्या आत देशाचे कोच झाले. क्लबच्या अध्यक्षांनी करारावरून उघड नाराजी दाखवली होती. बारमध्ये दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, देशानं बोलावल्यावर कोण नाही म्हणेल? दुसरा म्हणाला, "देशानं बोलावलं ते आम्ही जिंकल्यावर. आधी कुठं होता देश?" स्पालेत्तींनी हातावर नापोलीचं चिन्ह गोंदवून घेतलंय, हे मात्र दोन्ही तटांना पाठ होतं.

१५ व्या मिनिटाला स्कामाक्कानं इटलीचा गोल केला. टाळ्या पडल्या, पण बेतानं. थोड्या वेळानं दी लोरेन्झोनं बेलिंगहॅमला पाडलं आणि इंग्लंडला पेनल्टी मिळाली. दी लोरेन्झो नापोलीचा कॅप्टन. केननं ती मारली तेव्हा इटलीवर गोल झाला याचं दुःख बारमध्ये फारसं दिसलं नाही. जो तो एकच विचारत होता, "आता सगळे त्याच्याच नावानं ओरडणार ना?" मला हे लगेच कळलं. आमच्या पेठेतला पोरगा जिल्ह्याच्या संघात खेळताना चुकला, तर आम्हालाही आधी तो पोरगाच दिसतो. सामना इटली ३-१ हरली.

त्यानंतर खरी गोष्ट निघाली. कोपऱ्यातल्या टेबलावर पन्नाशीतले एक गृहस्थ इतका वेळ गप्प बसले होते. मुलानं त्यांना सांगितलं की हा भारतातून आलाय, याला १९९० बद्दल ऐकायचंय. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

३ जुलै १९९०. वर्ल्डकपची सेमीफायनल, इटली विरुद्ध अर्जेंटिना. इटलीचे आधीचे पाचही सामने रोममध्ये झाले होते, हा नेमका नेपल्सला. ज्या सान पाओलो स्टेडियमवर अर्जेंटिनाचा कॅप्टन दिएगो मॅराडोना नापोलीकडून सहा वर्षं खेळला, ज्या शहराला त्यानं १९८७ आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशी दोनदा लीग जिंकून दिली, तिथंच. सामन्याआधी मॅराडोनानं नेपल्सच्या लोकांना जाहीर सांगितलं होतं की वर्षभर तुम्हाला परकं मानतात आणि आज एका रात्रीपुरते इटालियन व्हा म्हणतात. इटलीच्या उत्तरेतल्या मैदानांवर नापोलीच्या लोकांना काय ऐकावं लागायचं, ते त्या गृहस्थांनी मला शब्दशः सांगितलं. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं तुम्हाला आगीनं धुऊन काढावं, असं हजारो माणसं एका सुरात गायची. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातली साखरेची पुडी त्यांनी चुरगळून टाकली.

"मी वीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "वडिलांबरोबर स्टेडियमवर होतो. माझ्या हातात इटलीचा झेंडा होता. वडिलांच्या हातात काहीच नव्हतं."

अर्जेंटिनाचं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मैदानानं हुर्यो उडवणाऱ्या शिट्ट्या मारल्या नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मॅराडोना, नेपल्सचं तुझ्यावर प्रेम आहे, पण इटली आमची मायभूमी आहे, अशा अर्थाचा मोठा फलक लागला होता. १७ व्या मिनिटाला स्किलाचीनं गोल केला. हा स्किलाची सिसिलीतल्या पालेर्मोचा, म्हणजे दक्षिणेचाच पोरगा. इटलीचा गोलकीपर झेंगानं त्या वर्ल्डकपमध्ये ५१७ मिनिटं एकही गोल घेतला नव्हता. ६७ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या कॅनिजियानं डोक्यानं मारलेला चेंडू त्याला चकवून आत गेला आणि १-१ झालं. इटलीच्या संघात मिडफिल्डला दे नापोली नावाचा खेळाडू होता. मॅराडोनाचा क्लबमधला सोबती, आणि त्या रात्री त्याच्याच समोर.

मग पेनल्टी. अर्जेंटिनाचा गोलकीपर गोयकोचियानं इटलीच्या दोनादोनीची अडवली. अर्जेंटिनाची चौथी मारायला मॅराडोना पुढे आला.

"वडिलांनी माझं मनगट धरलं," ते म्हणाले आणि त्यांनी माझं मनगट धरून दाखवलं. "असं. मी हरू दे म्हणत होतो की जिंकू दे, मला आजही सांगता येत नाही."

मॅराडोनानं गोल केला. पुढची सेरेनाची पेनल्टीही गोयकोचियानं अडवली, अर्जेंटिना ४-३ नं जिंकली. पाच दिवसांनी रोममध्ये फायनल झाली, तेव्हा अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताला प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या आणि पश्चिम जर्मनीनं १-० नं सामना घेतला.

नेपल्सनं त्या रात्री देशाशी दगा केला असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मीही पूर्वी तसंच वाचलं होतं, मानलंही होतं. आता मानत नाही. ज्याच्या हातात झेंडा आहे तो दगाबाज कसा? त्या माणसाला देश नको नव्हता. त्या देशात आपल्यालाही कुणी आपलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि तोवर तसं म्हणणारा त्याला एकच भेटला होता, तोही ब्यूनोस आयरेसच्या गरीब वस्तीतून आलेला. क्लबचं प्रेम देशाच्या आड येतं, हे मला पटत नाही. आमचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला, तेव्हा कोल्हापुरात सगळ्या पेठा एक झाल्या होत्या. आम्हाला कुणी परकं म्हटलं नव्हतं, म्हणून आम्हाला ते सोपं गेलं.

रात्री परतताना मुलगा मला मॅराडोनाच्या भिंतीकडे घेऊन गेला. १९९० मध्ये रंगवलेलं, पुढे दुरुस्त केलेलं, दोन-तीन मजली उंचीचं चित्र. त्याच्या चेहऱ्याच्या जागी एका घराची खिडकी आहे आणि तिच्या झडपांवर चेहरा रंगवलाय. खाली मेणबत्त्या, शर्ट, स्कार्फ आणि एक अर्जेंटिनाचा झेंडा. इटलीचा झेंडाही होता, जरा बाजूला बांधलेला.

आम्ही पोचलो तेव्हा खिडकी उघडी होती, आत दिवा होता, चेहऱ्याचे दोन तुकडे दोन बाजूंना गेले होते. एक बाई बाहेर वाकून ओला टॉवेल झटकत होत्या. मुलानं खालून हाक मारून स्कोअर सांगितला. त्यांनी विचारलं, "आणि दी लोरेन्झो?"

"पेनल्टी त्याच्यामुळं गेली."

"बिचारा," त्या म्हणाल्या आणि झडपा ओढून घेतल्या.