तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो बिघडलाय, आता काय विकत घेऊ?

"तारे लांबट येताहेत, कोणता माउंट घेऊ?" "मध्येच काळपट कडी दिसतात, कॅमेरा बदलू का?" नाशिकमध्ये घरच्या बागेतून मी दीर्घिकांचे फोटो काढतो हे कळलं की लोक हेच विचारतात, प्रत्येकाचा डाग तेवढा वेगळा असतो. माझं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: सध्या काहीच घेऊ नका. दोष नेमका कुठे आहे ते आधी बघा. सगळ्या चौकटीत, फक्त कोपऱ्यांत, की एकाच बाजूला? अर्धं निदान इथेच होतं, आणि ते फुकट असतं.

लांबट ताऱ्यांचंच घ्या. आकाश दर सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) सरकतं आणि ते भरून काढणं हे माउंटचं, म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या आधाराचं काम. त्यामुळे संशय लगेच त्याच्यावर जातो. पण दोष देण्याआधी एक सेकंदाचा फोटो काढा. एवढ्या वेळात माउंट चुकून चुकून किती चुकणार? त्यातही तारे लांबटच असले तर माउंट बिचारा सुटला, खोट काचांमध्ये किंवा जोडणीत आहे. मध्यभाग स्वच्छ आणि चारही कोपरे बिघडलेले असतील तर फ्लॅटनर (कोपऱ्यांपर्यंत फोकस सारखा ठेवणारी जोडभिंगं) आणि सेन्सर यांच्यातलं अंतर तपासा. पुष्कळ फ्लॅटनरना ते ५५ मिलिमीटर लागतं. त्यात फिल्टर घातला की त्याच्या काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश एवढं अंतर आणखी वाढवावं लागतं, हे कोणी सांगत नाही. म्हणजे नवा माउंट घ्यायला निघालेल्या माणसाला खरी गरज असते ती अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या चकतीची. एकच कोपरा वाईट असेल तर कॅमेरा ९० अंशांत फिरवून पुन्हा फोटो काढा. दोष चौकटीच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर सेन्सर तिरका बसलाय. दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर दुर्बिणीकडे बघा, बहुधा फोकसर (फोकससाठी कॅमेरा पुढे-मागे सरकवणारी नळी) वजनाने लोंबतोय.

एक सेकंदाचे तारे गोल आणि पाच मिनिटांचे लांबट, असं असेल तर मात्र माउंटच. माउंटचा अक्ष नेमका आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि इथे नाशिककरांची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर, म्हणजे बहुतेकांच्या बागेतून तो उत्तरेकडच्या बिल्डिंगमागे. मग अंदाजाने रोख धरला जातो आणि रात्रभर गाइडिंगला (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणाऱ्या व्यवस्थेला) दोष दिला जातो. आकाशाच्या दुसऱ्याच भागाचे फोटो ओळखून ध्रुवजुळणी करणारी सॉफ्टवेअर आहेत, ती वापरा. याच अक्षांशाने दिलेलं दानही विसरू नका: एनजीसी २५३ ही दक्षिणेकडची दीर्घिका आपल्याकडे ४५ अंशांपर्यंत वर येते, आणि नरतुरंगातली सेंटॉरस ए ही दीर्घिका सुमारे २७ अंशांपर्यंत. लंडनच्या हौशी माणसाला ही दुसरी घरून कधीच दिसत नाही.

काळपट कडी म्हणजे धूळ. कडं जेवढं मोठं आणि फिकट, तेवढी धूळ सेन्सरपासून लांब. हिशोब सोपा आहे: सेन्सरपासूनच्या अंतराला दुर्बिणीच्या फोकल रेशोने (एफ/६ मधला ६ तो हाच) भागलं की सावलीचा व्यास मिळतो. एफ/६ च्या दुर्बिणीत २० मिलिमीटरवरच्या फिल्टरवरचा कण तीन मिलिमीटरहून मोठं कडं पाडतो. लहान, गडद ठिपका असेल तर तो सेन्सरच्या काचेवरच. दोन्हींवर इलाज फ्लॅटचा, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फोटोचा; मूळ फोटोला सॉफ्टवेअरमध्ये त्याने भागलं की डाग निघून जातात. नळीच्या तोंडाला पांढरं सुती कापड ताणून पहाटेच्या आकाशाकडे रोखायचं, पण कॅमेरा न काढता आणि फोकस न हलवता. कॅमेरा काढून, आत नेऊन, सकाळी परत लावून घेतलेले फ्लॅट जुनी कडी तशीच ठेवून वर नवी उमटवतात.

एका कडेला उजेड जास्त दिसला की पुष्कळ जण फ्लॅटलाच नावं ठेवतात. रात्रीचा पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. उजेडाची बाजू हलली असेल तर तो आकाशातला, म्हणजे शहराचा किंवा शेजाऱ्यांच्या पोर्चमधल्या दिव्याचा. तो फ्लॅटने जात नाही. (शेजाऱ्यांशी बोलून जातो, कधीकधी.)

रात्रभरातले अनेक फोटो एकत्र करून बनवलेल्या चित्रात पावसाच्या तिरक्या सरींसारखे ओरखडे आले तर डिदरिंग सुरू करा. दर दोन-तीन फोटोंनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवायची. बस.

मध्यरात्रीनंतर तारे फुगत गेले आणि त्यांच्याभोवती प्रभा आली तर ते दव. थंडीत आपल्याकडे नळी पाण्याने निथळते. खरंच काही घ्यायचंच असेल तर गरम होणारी दवपट्टी घ्या, बाकी सगळ्याच्या आधी. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि त्या रात्री खालच्या आकाशाचा नाद सोडलेला बरा. देवयानी दीर्घिका ऐन मोक्याच्या जागी असते तेव्हा दिवाळी येते, लक्ष्मीपूजनाला अमावस्या असते, आणि आकाश फटाक्यांच्या धुराने भरलेलं असतं! याला सॉफ्टवेअर नाही.

राहिला शहराचा उजेड कापणारा फिल्टर. तेजोमेघांसाठी तो कामाचा आहे, कारण त्यांचा प्रकाश मोजक्याच रंगरेषांत असतो. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचाच एकत्र प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला, आणि रस्त्यावरच्या एलईडीचाही तसाच. एकाला अडवलं की दुसराही अडतो. सोडियमचे पिवळे दिवे त्या मानाने गाळायला सोपे होते. आता फोटो घेण्याचा एकूण वेळ वाढवणं हाच उपाय, आणि गोंगाटाच्या मानाने चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर वेळ चौपट लागतो. म्हणून बागेतून सिंह राशीतलं तीन दीर्घिकांचं त्रिकूट घ्या, ते मार्च-एप्रिलमध्ये जवळजवळ डोक्यावर येतं आणि तिथली हवा सर्वांत पातळ असते. फिकट, पसरट दीर्घिकांचा हट्ट असेल तर फिल्टरच्या पैशांत पेठ-हरसूलकडच्या अंधारात जाऊन यायचं भरपूर पेट्रोल येतं.