किलोला ४४ बाटल्या

२३ मार्च २०१८ ला राज्य सरकारची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा मी नेरुळच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. चर्चा सगळी पिशव्यांची आणि थर्माकोलची चालली होती. माझं लक्ष मात्र पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांकडे गेलं. उत्पादकांनी आणि विक्रेत्यांनी या बाटल्या परत घ्यायच्या आणि परतीची किंमत बाटलीवरच छापायची, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या लहानपणी काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार डिपॉझिट ठेवून घ्यायचा, त्यामुळे बाटली कधी रस्त्यावर पडलेली दिसायची नाही. ते दिवस परत येणार म्हणून मला मनापासून आनंद झाला. आपल्या सात बिल्डिंगांत तरी हे नीट चालवून दाखवायचं, असं मी ठरवलं.

२३ जूनपासून बंदीची कारवाई सुरू झाली. काही दिवसांनी छापील किमतीची बाटली हातात आली. लेबलच्या कडेला, चष्मा लावून वाचावी लागेल इतक्या बारीक अक्षरांत, किंमत होती. पण किलोच्या हिशोबानं. मी एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून वाण्याच्या काट्यावर ठेवल्या. किलो भरायला ४४ लागल्या. आमचा भंगारवाला किलोला १८ रुपये द्यायचा, म्हणजे बाटलीमागे जेमतेम ४० पैसे. एवढ्यासाठी तिसऱ्या मजल्यावरून कोण खाली उतरणार?

मग गेटजवळच्या दुकानदाराला म्हटलं, बाटलीवर दोन रुपये जास्त घ्या आणि रिकामी आणून दिली की परत करा. त्यानं हात जोडले. "मॅडम, एमआरपीच्या वर एक रुपया घेतला आणि कोणी तक्रार केली तर केस माझ्यावर होईल." त्याचं बरोबरच होतं. डिपॉझिटचा आकडा बाटली बाजारात येतानाच किमतीपासून वेगळा धरलेला असावा लागतो. एकट्यादुकट्या दुकानदाराला ते जमणारं नाही.

शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव मांडला: बाटलीमागे एक रुपया सोसायटी देईल, विक्रीतून ४० पैसे सुटतील आणि वरचे ६० सोसायटीच्या फंडातून जातील. दोन तास वाद झाला. "कचऱ्याला पैसे कसले द्यायचे?" हा प्रश्न किमान पाच जणांनी विचारला. ठराव थोडक्यात मंजूर झाला, तोही सहा महिन्यांपुरता.

दर रविवारी सकाळी पंप रूमच्या शेजारी टेबल मांडायचं, मुलांनी रांग लावायची, वॉचमननं वहीत फ्लॅट नंबर आणि आकडा लिहायचा, असं सुरू झालं. पहिल्या महिन्यात मुंग्यांनी नको जीव केला. मँगो ड्रिंकच्या बाटल्या न विसळता यायच्या आणि पोत्याखाली काळी रांग लागायची.

खरी अडचण मात्र मी कल्पनाही केली नव्हती अशी निघाली. आमच्याकडे मजल्यामजल्यावरचा कचरा उचलणाऱ्या मावशी एका संध्याकाळी दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. "ताई, बाटल्या तुम्ही घेतल्या. माझा भाजीचा खर्च त्याच्यावर निघायचा." मी अक्षरशः खाली बसले. कित्येक वर्षं या बाई डब्यांत हात घालून बाटल्या वेगळ्या करत होत्या. तुर्भ्याच्या डम्पिंगला जाणारा आमचा कचरा त्यांनीच कमी केला होता आणि मी योजना आखताना त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. सरकारी कागदातही उत्पादक होते, विक्रेते होते, ग्राहक होते, मावशी नव्हत्या.

दुसऱ्याच रविवारपासून टेबल मावशींच्या ताब्यात दिलं, महिन्याचा ठरावीक मेहनताना ठरवून. माल थेट विकला तर भाव जास्त मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं. टेम्पोभर पोती साठल्यावर आम्ही दोघी तुर्भ्याच्या एमआयडीसीत बाटल्यांचा चुरा करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो. तिथल्या माणसानं मूठभर चुरा पाण्याच्या बादलीत टाकला. पारदर्शक तुकडे तळाला गेले, झाकणांचे निळे तुकडे वर तरंगत राहिले. म्हणजे झाकण काढा म्हणून मी घरोघरी जो आग्रह धरला होता, त्याची गरजच नव्हती. "झाकण पाणीच वेगळं करतं. पण बाटलीला अंगभर जे पीव्हीसीचं कव्हर असतं ना, ते पेटबरोबरच, म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकबरोबरच, खाली बसतं आणि वितळवताना माल खराब करतं. तेवढं काढून आणा." आम्ही नोटीस बदलली. कव्हर काढलेल्या, विसळलेल्या मालाला किलोला २८ रुपये मिळू लागले. १८ सोसायटीचे, वरचे १० मावशींचे, असं वहीत पहिल्या पानावर लिहिलं.

पुढे २०२२ मध्ये तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यातल्या सरकारी दारू दुकानांनी बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली आणल्यावर परत द्यायला सुरुवात केली. मद्रास उच्च न्यायालयानं त्यात लक्ष घातलं होतं; फुटक्या काचांनी जंगलात हत्तींचे पाय कापत होते. ती बातमी मी सभेत वाचून दाखवली. तिथे विकणारा एकच आहे, तोही सरकारी, म्हणून पैसे गल्ल्यावरच घेता येतात आणि गल्ल्यावरच परत देता येतात. आपल्याकडे पाण्याची बाटली पानाच्या टपरीपासून मॉलपर्यंत सगळीकडे मिळते. इथे तेच करायचं तर आधी कंपन्यांना बांधून घ्यावं लागेल आणि गोळा करणाऱ्या हातांचा वाटा पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावा लागेल. असं पत्र मी मंत्रालयात दोनदा पाठवलं आहे.

तोवर ६० पैशांचा खड्डा आम्हीच भरतो. त्यासाठी दरवर्षी ठराव लागतो. यंदाचा मी मांडणार आहे आणि सभेला मावशीही येणार आहेत, हिशोबाची वही घेऊन.