चोवीस घरं, एक सातबारा

आमच्या इमारतीला तीस वर्षं झाली म्हणून २०२२च्या उन्हाळ्यात स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. इंजिनीअरने जिन्याखालच्या कॉलमवर हातोडी मारली, तर पोपडा निघून आतली सळई दिसली. बोट फिरवलं की गंजाची भुकटी हाताला लागत होती. अहवालात त्यांनी मोठी दुरुस्ती लिहिली, आणि पुनर्विकासाचाही विचार करून ठेवा, असं तोंडी सांगितलं. महिन्याभरात एक विकासक भेटायला आले. चहा घ्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कन्व्हेयन्स झालंय का तुमचं?"

मी तेव्हा तीन वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही एवढं मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ मात्र त्या रात्री ऑनलाइन सातबारा उघडला तेव्हा कळला. त्यावर मूळ जमीनमालकाच्या कुटुंबातली पाच नावं होती, आमच्या सोसायटीचं नाव कुठेच नव्हतं. डोंबिवलीत १९९१ पासून इथे चोवीस कुटुंबं राहतायत, घरपट्टी भरतायत, मुलांची लग्नं इथूनच लावली. घरं आमची होती, घराखालची जमीन नव्हती.

कायदा या बाबतीत स्वच्छ आहे. १९६३च्या मोफा कायद्याखालच्या (फ्लॅट बांधून विकणाऱ्या बिल्डरांसाठीचा कायदा) नियमांप्रमाणे सोसायटीची नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. आमची नोंदणी १९९३ची. जुन्या फायलीत तेव्हाच्या कमिटीने बिल्डरला पाठवलेली चार पत्रं सापडली, आणि एक उत्तर: मागची दुसरी इमारत पूर्ण झाली की एकदमच करू. ती इमारत कधी उभीच राहिली नाही. अशा अडकलेल्या सोसायट्यांसाठी २००८मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. बिल्डर येत नसेल तर सोसायटीने सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा आणि त्यांनी चौकशी करून एकतर्फी हस्तांतरणाचा दाखला द्यायचा. सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण. आम्ही सगळे डीम्ड कन्व्हेयन्सच म्हणतो.

वार्षिक सभेत विषय ठेवला. चोवीसपैकी अकराच जण आले. अर्ध्या तासाने तहकूब सभा घेऊन ठराव करता आला असता, पण मी अडून बसले. जमिनीचा विषय अकरा जणांच्या सह्यांवर न्यायचा नाही असं मला वाटत होतं, आणि ते बरोबरच होतं. पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी साडेसातनंतर मी आणि खजिनदार दार वाजवत फिरलो. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच: "घर माझ्या नावावर आहे ना, मग जमिनीचं काय अडलंय?" मी उत्तर द्यायच्या आधी मोबाइलवर सातबारा दाखवायचे. ती पाच अनोळखी नावं वाचून माणसं गप्प व्हायची. विशेष सभेला एकवीस जण आले आणि ठराव एकमताने झाला.

वकिलांनी दिलेली कागदपत्रांची यादी मला वाटलं होतं त्यापेक्षा छोटी होती. नमुना ७ मधला अर्ज आणि त्यावर दोन हजारांचा कोर्ट फी स्टॅम्प, सोसायटीचा नोंदणी दाखला, सातबारा, मंजूर नकाशा, बिल्डरला दिलेली नोटीस, भोगवटा प्रमाणपत्र, एका फ्लॅटच्या कराराची प्रत, सभासदांची यादी. आणि प्रत्येक फ्लॅटची इंडेक्स टू. खरं काम या शेवटच्या ओळीत होतं.

इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा एक पानी गोषवारा. ज्यांनी अलीकडे फ्लॅट घेतले त्यांच्याकडे ती कर्जाच्या फायलीत होतीच. जुन्या सभासदांच्या घरी शोधाशोध झाली. कोणाचा करारच बँकेत राहिला होता, कर्ज फिटून बारा वर्षं झाली तरी. कोणाचा पुरात भिजून पानं चिकटली होती. एका फ्लॅटचे मालक वारले होते आणि तिन्ही भावंडांत बोलणं नव्हतं. त्यांच्याकडे मी सहा वेळा फोन केला, शेवटी धाकटी बहीण नाशिकहून कागद घेऊन आली. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर टाकून काही नोंदी मिळाल्या, पण नव्वदच्या आसपासच्या चार नोंदींसाठी कार्यालयात जाऊन शोध घ्यावा लागला.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे करार होता. देवघराखालच्या पेटीत, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेला. यजमान गेल्यापासून त्यांनी तो कोणाच्या हातात दिला नव्हता. झेरॉक्स काढून लगेच आणते, असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तू चांगलीच आहेस गं, पण कागद मी सोडणार नाही." मग आम्ही दोघी मिळून गेलो. तीन जिने सावकाश उतरलो, मध्ये एकदा थांबलो. दुकानातल्या मुलाने एकेक पान काचेवर ठेवलं तेव्हा आजी काउंटरला टेकून मोजत होत्या. अठ्ठावीस पानं. परत येताना त्यांनी मला सांगितलं की घराचं बयाणं द्यायला त्यांनी पाटल्या मोडल्या होत्या. वीस वर्षं मी त्याच जिन्यावर राहतेय आणि मला हे माहीत नव्हतं.

बिल्डरला दिलेल्या नोटिशीचं पाकीट 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आलं. ते पाकीट न फोडता जपून ठेवायचं असतं, तोच पुरावा. अर्ज जायला २०२३चा ऑक्टोबर उजाडला. त्यात दोन फ्लॅटच्या करारांवर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं निघालं. थकलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड बसतो आणि तो शुल्काच्या चौपटीपर्यंत जातो. दोन्ही घरं पेन्शनवर चालणारी. सुदैवाने त्या डिसेंबरमध्ये सरकारची अभय योजना सुरू झाली. १९८० ते २००० या काळातल्या दस्तांवर एक लाखापर्यंत शुल्क थकलं असेल तर पहिल्या टप्प्यात शुल्क आणि दंड दोन्ही माफ होत होतं. मूळ दस्त घेऊन आम्ही लगेच अर्ज केले. त्यातला एक दस्त ज्या काकांचा होता त्यांनी माफीचं पत्र हातात आल्यावर ते दोनदा वाचलं आणि मला बसवून जेवू घातलं.

ठाण्याचं जिल्हा उपनिबंधक कार्यालय गावदेवी भाजी मंडईच्या इमारतीत आहे. सुनावणीच्या दिवशी आम्ही चौघं सकाळच्या लोकलने निघायचो आणि खाली मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या ओलांडून वर जायचो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली होती, बिल्डर आणि जमीनमालक दोघांनाही नोटिसा गेल्या होत्या. पहिल्या तारखेला बिल्डरतर्फे कोणी नव्हतं. दुसऱ्या तारखेला एक वकील आले आणि त्यांनी हरकत घेतली: मागची मोकळी जागा दुसऱ्या इमारतीची आहे, ती सोसायटीला देता येणार नाही. आम्ही आर्किटेक्टकडून मंजूर नकाशावरून क्षेत्रफळाचा दाखला करून घेतला होता, तो पुढे केला. आमच्या वकिलांनी मला आधीच समजावलं होतं की मालकीचे खोल वाद इथे सुटत नाहीत, त्याला दिवाणी न्यायालय आहे. करार झाला होता का, सोसायटी झाली का, मुदत उलटली का, करारानुसार किती क्षेत्र द्यायचं ठरलं होतं, एवढंच इथे पाहिलं जातं. त्यामुळे आम्ही कुठलंही भांडण ओढून आणलं नाही. कागद दाखवले आणि बसलो.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर पस्तिशीचा एक तरुण नोटीस हातात धरून बसला होता. मूळ जमीनमालकांचा नातू. तो घाबरलेला होता. "आमचं राहतं घर जाणार का यात?" त्याने मला विचारलं. मी त्याला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर बोटाने दाखवला. त्यांचं घर दुसऱ्याच हिश्श्यात होतं. तो म्हणाला, आजोबांना पैसे तेव्हाच मिळाले होते, आमची काही हरकत नाही. आत जाऊन त्याने तसं लिहून दिलं. माझ्या डोक्यात सातबाऱ्यावरची ती पाच नावं इतके महिने आमच्या विरोधातली माणसं होऊन बसली होती. त्यातल्या एका नावाची नात बारावीला आहे, हे मला त्या बाकावर कळलं.

तिसऱ्या तारखेला युक्तिवाद संपला. निकालासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. आमचा आदेश त्या मुदतीत, एप्रिल २०२४मध्ये आला.

आदेश मिळाला म्हणजे झालं, असं समजून बरेच जण इथेच थांबतात, म्हणून पुढचं मुद्दाम लिहिते. आदेश म्हणजे दस्त नव्हे. आदेशावरून हस्तांतरणाचा दस्त तयार करायचा, तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे त्यावर किती शुल्क लागतं ते ठरवून घ्यायला, द्यायचा. चोवीस फ्लॅटवर आधी भरलेलं शुल्क तिथे लक्षात घेतलं जातं, म्हणूनच ती प्रत्येक इंडेक्स टू लागते. मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. तेही बिल्डरला समन्स काढून एकतर्फी नोंदणीला हरकत आहे का, असं विचारतात. कोणी आलं नाही. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष, खजिनदार आणि मी सह्या करायला गेलो. अध्यक्षांचा अंगठा मशिनवर उमटेना. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला हात. चार वेळा पुसून, दाबून शेवटी उमटला आणि फोटोत ते हसतायत.

त्यानंतर तलाठी कार्यालयात फेरफारासाठी अर्ज, पंधरा दिवसांची नोटीस, आणि मग सातबारा. वकील, आर्किटेक्ट, जाहीर नोटीस धरून प्रत्येक घरामागे अकरा हजारांच्या आसपास खर्च आला. तो आम्ही चार हप्त्यांत गोळा केला आणि हिशेब दर महिन्याला जिन्यात लावला.

नवीन सातबाऱ्याची प्रत मी पहिल्यांदा नोटीस बोर्डावर लावली नाही. आधी तिसऱ्या मजल्यावर गेले. आजींनी चष्मा लावला, भोगवटादाराच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि सोसायटीचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मग पेटीकडे बघून विचारलं, "आता माझा कागद पुन्हा कोणाला लागणार नाही ना?"

पुनर्विकास झाला तर लागेल, मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, करार पुन्हा नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळला आणि या वेळी सातबाऱ्याची झेरॉक्सही त्यातच ठेवली.