नागपूर: रिकाम्या हातांच्या माणसांत एक दिवस

मे महिन्यात नागपूरला निघालोय म्हटल्यावर नाशकात ज्याने त्याने एकच विचारलं, "आत्ता?" पण लेकीच्या शाळेला सुट्टी मे महिन्यातच असते, आणि नागपूरची मावशी गेली कित्येक वर्षं बोलावत होती. आई, लेक आणि मी रात्री नाशिकरोडहून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो. सकाळी नागपूर स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि ऊन कशाला म्हणतात ते कळलं. या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. आम्ही गेलो तेव्हा पारा तितका चढला नव्हता, पण नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला होता आणि सकाळी नऊच्या उन्हातही डोळे आपोआप बारीक होत होते.

नागपूरची माणसं या उन्हाशी भांडत बसत नाहीत, त्यांनी त्याची रीतच बसवून टाकली आहे. डोक्याला आणि तोंडाला घट्ट दुपट्टा, खिशात कांदा, घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणि फ्रिजमध्ये कैरीचं पन्हं. चौकाचौकांत पाणपोया लागलेल्या. मातीचे रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं गोणपाट, वर झाकण आणि लांब दांड्याचा डोया. आम्ही एका पाणपोईपाशी थांबलो तर पाणी देणाऱ्या आजोबांनी आधी लेकीचे हात धुवायला पाणी घातलं, मग प्यायला दिलं. पैसे द्यायचा प्रश्नच नव्हता. आमचा ऑटोवाला गाडीतून उतरला, पाणी प्यायला, रिकाम्या होत आलेल्या रांजणात शेजारच्या कॅनमधलं पाणी ओतलं आणि पुन्हा येऊन बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यावर कुणी काही बोललंही नाही.

मावशीने पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकलं: पोरीला वॉटर पार्कला न्यायचं. अमरावती रस्त्याने नागपूरला लागून असलेलं वाडी गाव ओलांडून पुढे गेलं की अशी ठिकाणं आहेत. सुट्टीच्या दिवशी गर्दी फार म्हणून आठवड्याच्या मध्यावरचा वार धरला आणि सकाळी लवकर निघालो. मावशीचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती आली नाही.

मी शाळेत असताना आमच्या पिढीला थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेल वर्ल्ड. ते १९८९ साली सुरू झालं. त्याआधी १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर झालं होतं, पण ते आम्ही फक्त ऐकून होतो. बाबा आम्हाला होडीने गोराईला घेऊन गेले तो दिवस मला लख्ख आठवतो: पाळणे, रांगा, घसा बसेपर्यंतचा आरडाओरडा. आणि हेही आठवतं की आई दिवसभर एका बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसली होती. चपला, पाण्याच्या बाटल्या, डबे, बाबांचं घड्याळ, सगळं तिच्या मांडीवर. नंतरही समुद्रावर गेलो, जत्रेत गेलो, धबधब्यावर गेलो, आईची जागा तीच. यावेळी तिला पाण्यात उतरवायचंच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

दारातच अडचण आली. आई सुती साडीत होती आणि वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत. नियम योग्यच आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे फिल्टरमध्ये जाऊन अडकतात, रंग सुटतो. भाड्याच्या कपड्यांच्या खिडकीवर आईच्या मापाचं होतं ते बाह्या नसलेलं आणि गुडघ्याच्या वर. आईने ते हातात घेऊन बघितलं, शांतपणे परत ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही जा दोघी. मी बसते पिशव्यांपाशी."

मागे रांगेत एक मोठं कुटुंब होतं. त्यातल्या आईच्याच वयाच्या बाई पुढे झाल्या. "काहून जी, काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी वळून सुनेला हाक मारली, पिशवी उघडायला लावली आणि त्यातून पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा कुडता आणि पायघोळ लेगिंग काढली. "आमच्या सुनेचा जास्तीचा आहे. मीबी असंच घालून राहिली. घालून घ्या ना मावशी, पान्यात कोन पाहते कोनाले?" आईने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्या बाईंनी काही न बोलता कपडे आईच्या हातात ठेवले आणि तिला कपडे बदलायच्या खोलीकडे घेऊन गेल्या. त्यांचं नाव त्यांनी नंतर सांगितलं, ते इथे लिहीत नाही. त्यांना आपण काकू म्हणू.

पुढचा सगळा दिवस ज्यामुळे वेगळा गेला, ती गोष्ट तशी साधी आहे. लॉकरमध्ये सगळं जातं: पर्स, मोबाइल, घड्याळ, दागिने. माझा तर चष्माही गेला आणि माझा नंबर मोठा आहे. अंगावर उरतात ते ओले होणारे कपडे आणि मनगटाला बांधलेली लॉकरची किल्ली. आता कुणाला मदत करायची तर पैसे काढून देता येत नाहीत, फोन लावून देता येत नाही, गाडी बोलावता येत नाही. हात पुढे करता येतो, तोंडाने सांगता येतं, आणि अडल्या माणसालाही मागायला तेवढंच उरतं. एरवी आपण अनोळखी माणसाकडे मागायला किती कचरतो. इथे एका मुलीने न विचारताच माझा दंड धरला आणि म्हणाली, "पायरी आहे ताई, अजून एक आहे." मी पुढे कुठेही उतरताना शेजारच्या माणसाला सरळ विचारायला लागले, आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळालं.

उंच घसरगुंडीच्या रांगेतलं जे सांगायचं आहे ते मात्र सविस्तर सांगते. फरशी इतकी तापलेली की अनवाणी उभं राहणं अशक्य. माणूस जिन्याच्या पायथ्यापर्यंत चप्पल घालून येतो, तिथे ती काढतो, वर जातो आणि घसरत दुसऱ्याच बाजूच्या हौदात पडतो. आता चप्पल इकडे आणि माणूस तिकडे. मधलं अंतर पन्नास-साठ पावलांचं, आणि ते तापल्या फरशीवरून अनवाणी उड्या मारत कापायचं. पार्कवाले मधूनमधून पाइपने पाणी मारत होते, पण ते पाणी पाहता पाहता वाळत होतं. माझं स्पष्ट मत आहे की अशा ठिकाणी चटया अंथरायला आणि वर कापड ताणायला फार खर्च येत नाही, आणि नागपूरच्या उन्हात ते हवंच.

जिन्यापाशी उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा तिच्याखाली उभा राहिला आणि दोन बोटं कमी पडला. पट्टीवरच्या माणसाने त्याला नाही म्हटलं, आणि ते बरोबरच. खालच्या हौदात पाणी खोल असतं आणि हलकं शरीर वळणावर कसंही फेकलं जातं. मुलाचा मोठा भाऊ वर निघून गेला. हा तिथेच, डोळ्यांत पाणी, आता रडणार अशा बेतात. तेवढ्यात वर जायला निघालेल्या एका कॉलेजच्या मुलाने स्वतःच्या चपला काढून त्याच्या हातात दिल्या. "ए भाऊ, हे तिकडं नेऊन ठेवशील का? मी पडलो की लगेच लागतील."

मुलगा चपला घेऊन पळाला. हौदाच्या कडेला उभा राहिला, तो कॉलेजवाला पाण्यातून बाहेर आला तशा त्याच्या पायांपुढे सरळ जोडून ठेवल्या. मागच्या माणसाने ते पाहिलं आणि आपल्याही दिल्या. मग एका बाईंनी, मग मी. थोड्या वेळात त्याला दोन मित्र मिळाले, दोघंही उंचीत न बसलेले. कुणाच्या चपला कुणाच्या हे लक्षात ठेवायची त्यांनी पद्धत काढली: वर जाणाऱ्याचा कपड्याचा रंग मोठ्याने म्हणायचा. "लाल टीशर्ट, निळी स्लीपर!" "हिरवी काकू, काळी सॅन्डल!" वरच्या जिन्यावरची माणसं खाली वाकून आपापला रंग ओरडून सांगायला लागली. एका मुलाने हौदाकाठच्या फरशीवर ओंजळीने पाणी मारून चपला ठेवायला गार जागा केली. पट्टीवरचा माणूस त्यांना दटावत होता, "हळू रे पोट्टेहो, पडसान!" पण त्याने हाकललं मात्र नाही, उलट पाइप त्यांच्या वाटेकडे वळवून दिला. माझी लेक उंचीत बसत होती, एकदा घसरून आली आणि मग पुन्हा वर जायचं सोडून त्यांच्यात सामील झाली. मी तिला बोलावलं नाही.

मोठ्या भावाला खाली आल्यावर आपल्या चपला पायांपुढे ठेवलेल्या दिसल्या. त्याने धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली आणि तोही एक जोड उचलून जिन्याकडे चालायला लागला.

सगळीच माणसं अशी वागत होती असं मी म्हणणार नाही. रांगेत घुसणारी टोळकी होती, लहान मुलांना ढकलून ट्यूब ओढून नेणारी मोठी माणसं होती. एका गटाला एक तरुण आई सगळ्यांसमोर बोलली, तेव्हा रांगेतली बाकीची माणसंही तिच्या बाजूने बोलली आणि तो गट मागे गेला. एकटीला ओरडू दिलं नाही, हे मला फार मोलाचं वाटलं.

दुपारी लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला. भिंतीमागचे मोठे पंखे हवेच्या दाबाने पाणी ढकलतात आणि एका टोकापासून लाटा सुटतात. भोंगा वाजला की सगळं पार्क तिकडे धावतं. आई कडेला, घोट्याएवढ्या पाण्यात थबकली. काकूंनी तिचा एक हात धरला. दुसऱ्या बाजूला एक अनोळखी मुलगी होती, तिने दुसरा हात धरला. तिच्यापलीकडे आणखी कुणीतरी. पहिली मोठी लाट आली तेव्हा दहा-बारा बायकांची साखळी झाली होती, आणि त्यात एकमेकींना ओळखणाऱ्या फार तर दोघी-तिघी असतील. आई किंचाळली, पाण्याखाली गेली, वर आली, नाकातोंडातलं पाणी झटकलं आणि पुन्हा किंचाळली. मी तिच्यापासून चार हातांवर होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिचं सगळं लक्ष पुढच्या लाटेकडे होतं. साठीतली माझी आई पोरीसारखी ओरडताना मी कधी पाहिली नव्हती.

तलावाच्या काठावर जीवरक्षक उभा होता. विशीतला मुलगा, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, ऊन थेट तोंडावर. लाटा चालू असताना त्याला पाण्यावरून नजर हलवता येत नाही. एक बाई ताकाची बाटली घेऊन त्याच्यापाशी गेल्या, झाकण काढलं आणि त्याच्या हातात धरवली. त्याने मान न वळवता बाटली तोंडाला लावली, संपवली, हात बाजूला केला. बाईंनी रिकामी बाटली घेतली आणि निघून गेल्या. दोघांनी एकमेकांचा चेहरा पाहिला नसावा. लाटा थांबल्यावर तो इकडेतिकडे बघत होता, पण तोवर त्या गर्दीत मिसळल्या होत्या.

जेवायला आम्ही काकूंच्या कुटुंबाबरोबरच बसलो. ती मंडळी काटोलजवळच्या गावची, घरची संत्र्याची बाग. मृग बहारासाठी मे महिन्यात झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. मग पावसाच्या सरी आल्या की झाड फुलतं. त्यामुळे बागेत सध्या फारसं काम नव्हतं आणि सगळ्यांना एकत्र निघता आलं होतं. आई त्यांना ताणाबद्दल, खताबद्दल, भावाबद्दल विचारत होती. नाशिकची असल्यामुळे द्राक्षाच्या छाटणीचं तिला बरंच कळतं. काकूंचे यजमान आणि आई जेवण विसरून झाडांवर बोलत बसले.

संध्याकाळी कपडे परत करताना आई म्हणाली, "धुऊन, वाळवून मावशीच्या घरून पाठवते." काकू म्हणाल्या, "ओलंच द्या ना जी, आमचं कोनचं कोरडं आहे?" आणि तो ओला गोळा पिशवीत टाकला. परतीला ऑटो मिळेना, तर त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरने आम्हाला वाडीच्या चौकापर्यंत आणून सोडलं. त्यांना खरं तर उलट दिशेला, कोंढाळीकडून काटोलला जायचं होतं. तो फेरा त्यांनी आमच्यासाठी घेतला.

निघताना काकूंनी सांगितलं, फेब्रुवारीत या, मृगाचा माल झाडावर असतो. आईने लगेच होकार दिला आणि लॉकरच्या पावतीमागे गावाचं नाव लिहून घेतलं. ती घरी आल्यापासून माझ्या मागे लागली आहे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे डिसेंबर उजाडेपर्यंत तिकीट काढता येणार नाही, हे तिला रोज समजावते आहे. तिने मात्र त्यांच्या सुनेसाठी पैठणीच्या काठाचं ब्लाउजपीस आणून ठेवलंसुद्धा.